जुन्या सराईतली खोली निवडताना

प्रश्न : मे महिन्यात इंग्लंडच्या ग्रामीण भागात तीन रात्री राहायचंय. साचेबद्ध हॉटेल नको, जुन्या वास्तूचा बाज हवा. सोबत सत्तरीची आई आहे. काय पाहावं?

उत्तर : आधी जिना विचारा, मग इतिहास. राय गावातल्या मर्मेड इन या सराईची तळघरं ११५६ सालची, इमारत १४२० मध्ये पुन्हा उभारलेली. अशा संरक्षित वास्तूंत लिफ्ट बसवायची परवानगी सहजी मिळत नाही. जिने अरुंद आणि उभे, जमीन तिरकी, तुळया कपाळाला लागतील इतक्या खाली. शिवाय मर्मेड इनसमोरची गल्ली गोल दगडांच्या फरसबंदीची आणि चढाची. चाकांची बॅग तिथे उचलूनच न्यावी लागते.

आईंसाठी तळमजल्याची खोली मागा. पुष्कळ सरायांनी अंगणापलीकडच्या तबेल्यांच्या खोल्या केल्या आहेत. तुळयांची शोभा तिथे थोडी कमी, पण पायऱ्या नसतात आणि झोप शांत लागते. बारच्या डोक्यावरची खोली मात्र नकोच, लाकडी तक्तपोशीतून रात्री उशिरापर्यंत आवाज येतो. ‘बाथरूम खोलीतच आहे का, टबात चढावं लागतं की सपाट शॉवर आहे?’ हेही ईमेलवर लिहून घ्या.

रविवारी दुपारच्या भाजलेल्या मांसाच्या जेवणानंतर अनेक स्वयंपाकघरं संध्याकाळी बंद असतात. खेड्यांतल्या बसही त्या दिवशी तुरळक. मे महिन्यातला पहिला आणि शेवटचा सोमवार सुट्टीचा, त्याला जोडून बऱ्याच ठिकाणी किमान दोन रात्रींची अट असते. मंगळवार ते शुक्रवार मुक्काम ठेवा.