गॅजेट घ्यायच्या आधी सिंककडे बघा

तुम्ही विचारलंय की एअर फ्रायर, इलेक्ट्रिक चॉपर आणि हँड ब्लेंडर असे तीन डोक्यात बसलेत, व्हिडिओ बघून बघून, ओटा एवढासा आहे, आधी घेतलेल्या दोन वस्तू अजून खोक्यातच आहेत आणि घरचे म्हणतायत हा नाद सोड आता, तर यातलं काय घ्यावं. नाद सोडा असं मी सांगणार नाही, मला तो अधिकारच नाही. आमच्या घरात हे वेड मला आहे, बायकोला नाही. ती एक सुरी आणि एक किसणी यावर सगळा स्वयंपाक उरकते, आणि मी वीसेक वर्षांत इतकी यंत्रं घरात आणलीयत की माळ्यावर आता माणूस चढला तर बसायला जागा नाही. तेव्हा हे सगळं स्वतः हात पोळून घेतलेल्या माणसाचं मत समजा.

सुरुवात लसणाच्या प्रेसपासून करतो. मला ती वस्तू प्रचंड आवडली होती, दोन दांड्या, मध्ये भोकाभोकांची डबी, पाकळी ठेवायची आणि दाबायचं, खालून बारीक लसूण. चार पाकळ्यांना अर्धा मिनिट. त्यानंतर काय होतं ते व्हिडिओत नसतं. डबीच्या तळाशी सालीचा आणि चोथ्याचा एक चिकट थर बसतो, तो भोकांत घुसलेला असतो, स्क्रबरने जात नाही, नळाच्या धारेने जात नाही, मग टूथपिक घ्यायची आणि एकेक भोक मोकळं करत सिंकपाशी उभं राहायचं. लगेच केलं नाही तर ते वाळून पक्कं होतं. तीन आठवडे केलं हे मी. हल्ली सुरीचं पातं आडवं धरून पाकळीवर तळहाताने एक दणका देतो, साल आपोआप सुटते, दोनदा सुरी फिरवली की झालं.

तेव्हापासून कुठलंही यंत्र बघितलं की मी आधी त्याचे धुवायचे भाग मोजतो. जाहिरातीत वेळ सांगतात तो पातं फिरण्याचा, आपला वेळ कपाटाचं दार उघडल्यापासून सुरू होतो आणि वस्तू कोरडी करून परत जागेवर ठेवल्यावर संपतो. मी एकदा मोबाइलवर टायमर लावून दोन कांदे चिरले, सुरीने दोन मिनिटं आणि काही सेकंद. चॉपरमध्ये पंधरा सेकंद, पण भांडं, पातं, झाकण आणि वरची मोटर काढणं, जोडणं, पात्याला बोट न लागू देता धुणं, पुसणं सगळं धरून सात मिनिटं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. हां, दहा-बारा कांदे असले तर गणित उलटं होतं, कारण धुणं तेवढंच राहतं आणि चिरणं वाढतं. म्हणून ज्यांच्याकडे रोज आठ-दहा माणसांचं जेवण होतं त्यांनी माझं हे ऐकू नये.

चॉपरचं अजून एक आहे. पातं खाली असतं, त्यामुळे खालचे तुकडे पुन्हा पुन्हा कापले जातात आणि वरचे तसेच फिरत बसतात. बटण दाबून धरलंत तर खाली लगदा आणि वर ढेकळं, म्हणून थांबून थांबून दाबायचं आणि मध्ये एकदा चमच्याने हलवायचं. आणि डोळ्यातलं पाणी टाळायला चॉपर घेताय का? मग आधी सुरीला धार लावून बघा. कांद्याची पेशी फुटली की आतले पदार्थ एकमेकांत मिसळून तो डोळ्याला झोंबणारा वायू तयार होतो, बोथट सुरी पेशी कापण्याऐवजी चेंगरते आणि जास्त वायू सोडते. अर्ध्या लोकांना चॉपर नको असतो, धार हवी असते, हे माझं ठाम मत आहे.

मग चांगलं यंत्र कुठलं? मला विचाराल तर जे आपल्याऐवजी राखण करतं ते. स्वयंपाकातलं चिरणं, किसणं हे कष्ट दिसतात म्हणून सगळी गॅजेटं त्याच्या मागे लागलीयत, पण खरा वेळ खातं ते गॅससमोर उभं राहणं, खाली लागेल का, उतू जाईल का, शिजलं का. उदाहरणार्थ भाताचा इलेक्ट्रिक कुकर. भांड्यात पाणी आहे तोपर्यंत तापमान १०० अंशांच्या आसपासच राहतं, पाणी संपलं की ते झपकन वर चढतं, आणि तेवढा बदल ओळखून आतला स्विच बंद होतो. बस, एवढीच अक्कल आहे त्या यंत्राला, पण तेवढ्याच राखणीसाठी आपण भांड्यापाशी खिळून राहत होतो ना! जपानमध्ये १९५५ साली तोशिबाने असा कुकर बाजारात आणला, त्याच्या आधी तो बनवणाऱ्या छोट्या कारखानदाराच्या पत्नीने, फुमिको मिनामी यांनी, घरी सतत भात शिजवून त्याची मोजमापं घेतली होती. म्हणजे यंत्राने काय करायला हवं हे रोज भात करणाऱ्या बाईने ठरवलं. हल्लीची निम्मी गॅजेटं बघून वाटतं की ती करणाऱ्याने आयुष्यात कधी भांडं घासलेलं नाही.

प्रेशर कुकरही तसाच, तो तर हाताने करताच येणार नाही असं काम करतो. दाब वाढला की पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांना उकळतं आणि तासभर रटरटणारं कडधान्य थोडक्यात शिजतं. डेनिस पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने १६७९ साली ही कल्पना काढली, पुढे त्याला सेफ्टी व्हॉल्व्हही त्यानेच बसवला, आणि साडेतीनशे वर्षांनी आपण तेच वापरतोय. अशा वस्तूला गॅजेट म्हणायलाही जीभ रेटत नाही.

आता माझ्याच विरुद्ध एक मुद्दा मांडतो, नाहीतर तुमच्या घरचे हे उत्तर प्रिंट काढून फ्रिजवर लावतील. गरज आधी आणि वस्तू नंतर असं नेहमी होत नाही. मायक्रोवेव्ह कोणाला हवा होता? १९४५ साली पर्सी स्पेन्सर रडारच्या नळीवर काम करत होते आणि खिशातलं चॉकलेट वितळलं, त्यातून तो निघाला. सुरुवातीचं मशीन माणसाएवढं उंच आणि तीनशे किलोच्या वर वजनाचं होतं, घरात कोण ठेवणार ते. आज उरलेलं अन्न गरम करायला दुसरं काही सुचतही नाही. तेव्हा 'लागत नाही' हे घ्यायच्या आधी छातीठोकपणे सांगता येत नाही हे मला मान्य आहे, फक्त ते शोधून काढायला दर वेळी विकतच घ्यायला हवं असं नाही. मी आता कोणाकडून तरी आठ दिवस मागून आणतो. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझे बहुतेक वेळा पाचव्या दिवशी संपतात आणि मी ती वस्तू घासूनपुसून परत करतो.

तुमच्या एअर फ्रायरबद्दल. नावावर जाऊ नका, तो तळत नाही, तो पंखा असलेला छोटा ओव्हन आहे. गरम हवा जोरात फिरवून पदार्थाभोवतीची दमट हवा उडवून लावतो म्हणून वरून कुरकुरीत होतं. घरात पंख्याचा ओव्हन असेल तर तुमच्याकडे तो आहेच, फक्त मोठा आणि तापायला सावकाश. नसेल आणि तुम्ही एक-दोन माणसं असाल तर घ्या बिनधास्त, बटाट्याच्या फोडी सुरेख होतात. चार-पाच माणसं असतील तर टोपली भरभरून घालाल, हवा फिरायला जागा राहणार नाही, फोडी वाफेवर शिजून मऊ पडतील, मग दोन-तीन खेपा कराव्या लागतील आणि पहिली खेप तोवर गार झालेली असेल. आणि त्याला ओट्यावर कायमची जागा लागते. जे यंत्र रोज उचलून काढावं लागतं ते महिन्याभरात काढणं बंद होतं, हे मी माळ्याकडे बघून सांगतोय.

एक गोष्ट मात्र यात कोणी गंमत म्हणून घेऊ नये. माझ्या आईचं मनगट दुखायला लागलं तेव्हा तिला बरणीचं झाकण उघडेना, बटाटा सोलता येईना, आणि दुसऱ्याला हाक मारायची तिला लाज वाटायची. तिच्यासाठी झाकण उघडायचं इलेक्ट्रिक यंत्र आणलं, जे मी इतर कोणाकडे बघितलं असतं तर हसलो असतो. जाड रबरी मुठीची सोलाणी आपण हल्ली सगळीकडे बघतो ना, ती १९९० मध्ये अमेरिकेत सॅम फार्बर यांनी आणली ती बायकोला संधिवातामुळे साधी सोलाणी धरवेना म्हणून. दुसऱ्याच्या घरातलं गॅजेट फालतू आहे असं म्हणताना मी आता जरा जीभ आवरतो.

हँड ब्लेंडर घ्या, तिघांतला तो एकच मी डोळे मिटून सांगेन. ज्या भांड्यात शिजलं त्यातच फिरतो, खालची दांडी तेवढी धुवायची, ड्रॉवरमध्ये मावतो. गरम पदार्थात घालताना पातं पूर्ण बुडल्यावरच बटण दाबा, आणि प्लग काढल्याशिवाय पात्याला हात लावू नका. चॉपर आत्ता नको. एअर फ्रायरचा विचार त्या दोन खोक्यांतलं काहीतरी वापरात आल्यावर किंवा कोणाला तरी देऊन टाकल्यावर. हौसेला मोल नसतं पण ओट्याला माप असतं.

आणि हो, माझ्याकडे दोरी ओढायचा एक चॉपर पण होता. दुसऱ्याच महिन्यात दोरी तुटून माझ्या हातात आली. पातं टाकून दिलं, भांडं चांगलं होतं, त्यात बायको लसूण ठेवते.