हवामान बदलाचा बोजा कोणाच्या सातबाऱ्यावर?

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

गेल्या महिनाभरात शिवारफेरीत आणि कार्यालयात तुम्ही जे विचारलेत, त्यातले चार प्रश्न आज घेते. एक गारपिटीचा, एक प्लास्टिक कव्हरचा, एक कार्बन क्रेडिटचा आणि एक सौर पंपाचा. चारही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. हवामान बिघडले, आता त्याचा खर्च कोणी सोसायचा?

निफाड तालुक्यातील द्राक्ष व कांदा उत्पादक: "मॅडम, धूर सोडला कारखान्यांनी आणि बाहेरच्या देशांनी. गारा मात्र माझ्या बागेवर पडल्या. मग खर्च मीच का करायचा?"

भाऊ, तुमचा सवाल रास्त आहे. भारतात माणशी कार्बन उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. श्रीमंत देशांनी २००९ साली कोपनहेगनच्या हवामान परिषदेत कबूल केले होते की २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर गरीब देशांसाठी उभे करू. ते वेळेवर दिले नाहीत. २०२४ साली बाकूच्या हवामान परिषदेत २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचा आकडा ठरला, तेव्हा तो फारच अपुरा आहे असे भारताने तिथेच ठणकावून सांगितले. या पैशातला मोठा भाग कर्जाच्या रूपाने येतो. तोही जास्त करून वीजनिर्मितीसारख्या कामांना जातो, कारण तिथे किती धूर कमी झाला याचा हिशेब लगेच मांडता येतो. बागेवर कव्हर टाकून चार टन माल वाचला, तर तो हिशेब त्या वहीत कुठेच बसत नाही.

आता आपल्या जिल्ह्याचे बघू. २६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट कोणी विसरलेले नाही. दुसऱ्या दिवशी मी पंचनाम्याला गेले, तेव्हा बांधाच्या सावलीला गारांचा थर सकाळपर्यंत टिकून होता. पानांची चाळण झाली होती, फुलोऱ्यातले घड खाली पडले होते आणि काड्यांची, म्हणजे घड धरणाऱ्या फांद्यांची, साल एका बाजूने सोलून निघाली होती. बागेचे मालक घडांकडे बघतही नव्हते. काडीवरून बोट फिरवत त्यांनी विचारले, "पुढच्या वर्षीचा माल या काडीवर येईल का?" माझ्या हातातल्या तक्त्यात त्या प्रश्नाला रकाना नव्हता. पंचनामा चालू हंगामाचे नुकसान मोजतो. जखमी काडीमुळे पुढच्या हंगामात बसणारा फटका त्यात येत नाही. मदतीचा केंद्राचा त्या वेळचा निकष बहुवार्षिक पिकाला हेक्टरी २२,५०० रुपये, म्हणजे एकरी ९ हजार. राज्याने त्या वेळी दर वाढवून दिला, तरी एका एकराच्या बागेवर छाटणीपासून होणारा खर्च तुम्हाला माहीत आहे.

त्याच पावसाने कांद्याची रोपे आणि उभा लाल कांदाही झोपवला. आणि बरोबर बारा दिवसांनी, ८ डिसेंबरला, कांद्याची निर्यात बंद झाली. ती ४ मे २०२४ ला उठली, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. शुल्क पूर्ण हटायला १ एप्रिल २०२५ उजाडले. मी शासनाची नोकर आहे, तरी एवढे सांगणे माझे कर्तव्य समजते. हवामानाने माल कमी झाला की शहरात भाव चढतो, आणि तो उतरवायचा भार निर्यातबंदीच्या रूपाने शेतकऱ्यावर येतो. ज्याचे अर्धे पीक गेले, त्याला उरलेल्या अर्ध्याला तरी भाव मिळायला हवा होता. ग्राहकाला दिलासा द्यावा, पण तो सरकारी तिजोरीतून द्यावा. लासलगावच्या कांदा लिलावातून तो वसूल होता कामा नये. हवामान बदलाच्या चर्चेत हा मुद्दा मांडला जात नाही, म्हणून तो तुमच्या संघटनांनी आणि उत्पादक कंपन्यांनी लेखी मांडला पाहिजे.

तुमच्या हातात काय आहे? कांद्याला थांबायची ताकद द्या. चाळ, म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड, नीट असेल तर पडत्या भावात विकायची सक्ती राहत नाही. चाळीच्या तळाला दीड-दोन फूट हवा खेळती ठेवा आणि थर चार-साडेचार फुटांच्या वर नेऊ नका. कांदा पात सुकवून, मान बारीक झाल्यावरच आत घाला. चाळीच्या अनुदानाचा अर्ज शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर करा आणि पूर्वसंमती हातात आल्याशिवाय बांधकाम सुरू करू नका. आधी बांधून मग कागद घेऊन आलेल्या शेतकऱ्याला नाही म्हणताना मला फार वाईट वाटते.

दिंडोरी: "द्राक्षबागेवरच्या प्लास्टिक कव्हरचे एकरी पाच लाखांच्या आसपास कोटेशन मिळाले. कव्हर करू की विम्यावरच राहू?"

ताई, दोन्हींचे काम वेगळे आहे. कव्हर माल वाचवते, विमा गेलेल्या मालाचे थोडेफार पैसे देतो. कव्हरखाली पान ओले राहत नाही, म्हणून डाऊनी हा बुरशीजन्य रोग आटोक्यात येतो आणि मणी तडकत नाहीत. भुरी या दुसऱ्या बुरशीला मात्र ओल्या पानाची गरज नसते, सावलीत ती वाढते, तेव्हा तिच्या फवारण्या सोडता येणार नाहीत. सगळी बाग एकदम झाकू नका. ज्या प्लॉटची छाटणी लवकर होते आणि जो अवकाळीत हमखास सापडतो, तो एक एकर आधी घ्या. सांगाडा टिकतो, वरचा प्लास्टिक कागद मात्र काही हंगामांनी बदलावा लागतो. तो खर्च कर्जाच्या हप्त्यात धरून मगच बँकेत जा.

विम्याचे म्हणाल तर, फळपिकाच्या विम्यात तुमचा वाटा विमा रकमेच्या ५ टक्के असतो. खरीप-रब्बी पिकांची एक रुपयातली विमा योजना २०२३ ला सुरू झाली आणि २०२५ ला बंद झाली, हे बऱ्याच जणांना उशिरा कळले. द्राक्षाची भरपाई तुमच्या बागेतल्या पावसावर ठरत नाही, महसूल मंडळातल्या संदर्भ हवामान केंद्रावर ठरते. पाऊस तुमच्याकडे झाला आणि केंद्रावर झाला नाही, तर पैसे मिळत नाहीत. गारपिटीचे संरक्षण ऐच्छिक आहे. त्याचा हप्ता वेगळा आणि त्याला तारखांची चौकट असते. पावतीवरच्या त्या तारखा आपल्या छाटणीशी लावून बघा. गारा पडल्यास ७२ तासांच्या आत कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

चांदवड: "गावात एक कंपनी आली. म्हणते, सेंद्रिय कर्ब वाढवा, कार्बन क्रेडिटचे पैसे देऊ. सही करू का?"

कार्बन क्रेडिट म्हणजे हवेतला कार्बन कमी केल्याचे, विकता येणारे प्रमाणपत्र. कर्ब म्हणजे जमिनीतला कार्बन. आधी हिशेब करू. एका एकरातल्या वरच्या सहा इंच मातीचे वजन साधारण ९ लाख किलो असते. कर्ब ०.१ टक्क्याने वाढला, तर सुमारे ९०० किलो कर्ब जमिनीत साठला. कार्बन डायऑक्साईडच्या भाषेत ते सव्वातीन टन होतात, आणि एक टन म्हणजे एक क्रेडिट. टनाला हजार रुपये धरले, तर तीन हजार दोनशे-तीनशे रुपये, तेही एवढा कर्ब वाढायला लागणाऱ्या काही वर्षांत मिळून. त्यातून मोजणी, नोंदणी आणि कंपनीचा वाटा वजा होणार.

म्हणून दादा, या पैशासाठी सही करू नका. शेणखत, ताग-धैंचाचे हिरवळीचे खत आणि पाचट कुजवणे तुम्ही तसेही करा, कारण कर्ब वाढला की जमीन पाणी धरते आणि दोन पावसांतला खंड पीक सोसते. खरा फायदा तिथे आहे आणि तो पूर्ण तुमचा आहे. करार करायचाच असेल, तर तो मराठीत मागा. बंधन किती वर्षांचे आहे, जमीन विकली किंवा वाटणी झाली तर काय, मशागत बदलली तर दंड आहे का आणि खर्च वजा जाता हातात किती टक्के पडणार, हे वाचल्याशिवाय आधार कार्डाची प्रतही देऊ नका.

येवला: "सौर पंप घ्यावा का? वीज तर आता फुकट आहे."

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत देण्याची योजना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांची आहे. पुढचे कोणी सांगू शकत नाही. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरावी लागते. अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. पारंपरिक जोडणी नसलेल्यांसाठी ही योजना आहे. सौर पंपांवर शासन सढळ खर्च करते, कारण त्याने शेतीच्या विजेवरचा अनुदानाचा भार कमी होतो आणि देशाचे सौर ऊर्जेचे उद्दिष्टही साधते. तुमचाही फायदा आहे. रात्री बिबट्याच्या धास्तीने पाणी भरायला जाणे वाचते. पण ऊन असेपर्यंत पंप चालतो आणि बिल येत नाही, म्हणून विहीर उपसत राहू नका. येवल्यात पाण्याची पातळी आधीच खोल आहे. ठिबक नसेल तर आधी ठिबक करा.

आता गावासाठी एक काम. विम्याचा अर्धा घोळ दूरच्या हवामान केंद्रामुळे होतो. ग्रामपंचायत पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे बसवण्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये 'विंड्स' कार्यक्रम आणला आहे. येत्या ग्रामसभेत जागेचा ठराव करून माझ्याकडे द्या, मी तो पुढे पाठवते आणि पाठपुरावाही करते. जागा मोकळी हवी. शेजारी झाड, भिंत, शेडनेट किंवा पाण्याची टाकी नको, नाहीतर पाऊस आणि वारा चुकीचा मोजला जाईल आणि त्याच आकड्यावर पुढची भरपाई ठरेल.

मंडळ कृषी अधिकारी, नाशिक जिल्हा