वाचकांचे प्रश्न : हाताने घडवलेले धनुष्य आणि लक्ष्यवेधाच्या स्पर्धा

प्रश्न : मी स्वतः घडवलेल्या अखंड लाकडाच्या धनुष्याने लक्ष्यवेधाच्या स्पर्धांत भाग घेतो. धनुष्य २८ इंचांच्या ओढीला ४२ पौंडांचे, म्हणजे तेवढे ओढायला ४२ पौंडांचा जोर लागणारे, असून मी उजव्या हाताने दोरी ओढतो. बाणही घरीच तयार केले आहेत. ३० मीटरवर बहुतेक बाण मध्याच्या डावीकडे, निळ्या किंवा काळ्या पट्ट्यात लागतात. मात्र प्रत्येक डझनातले दोन-तीन बाण नेमके सोनेरी वर्तुळात जातात. मूठ एका बाजूने कोरून बाणाला मध्याजवळ आणावे काय?

उत्तर : मुठीला तूर्त पटाशी लावू नका. दोष धनुष्याचा असता तर तो बाराही बाणांना सारखाच भोवला असता. दोन-तीन बाण मध्यात जातात याचा अर्थ धनुष्य आणि तुमचा हात दोन्ही ठीक आहेत, बाण मात्र एकमेकांसारखे नाहीत. पुढच्या सरावात प्रत्येक बाणावर क्रमांक घालून कोणता बाण कुठे लागतो याची नोंद ठेवा. सोनेरी वर्तुळात जाणारे बाण दर वेळी तेच आहेत असे बहुधा आढळेल.

याचे कारण बाणाच्या लवचिकपणात आहे. अखंड लाकडाच्या धनुष्यात दोरी मुठीच्या मध्यरेषेवर येते, पण बाण मुठीच्या कडेला टेकलेला असतो, त्यामुळे दोरी न ओढता बाण लावून पाहिला तर त्याचे टोक लक्ष्याच्या डावीकडे वळलेले दिसते. दोरी सुटली की मागून बसणाऱ्या जोरदार धक्क्याने बाणाची काठी वाकते, मुठीला वळसा घालून पुढे सरकते आणि थरथरत थरथरत सरळ होते. काठीचा कडकपणा धनुष्याच्या जोराशी जुळला, तर हा वळसा पुरा होऊन बाण नेमाच्या रेषेत येतो. काठी फार कडक असेल तर ती पुरेशी वाकत नाही आणि उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण डावीकडे जातो. फार मऊ असेल तर तो उजवीकडे जातो. डाव्या हाताने ओढणाऱ्यांनी हेच उलट समजावे.

या कडकपणाला तिरंदाज ‘स्पाइन’ म्हणतात. लाकडी बाणांसाठी तो मोजण्याची जुनी रीत घरी सहज करता येते. काठी एकमेकांपासून २६ इंचांवर असलेल्या दोन आधारांवर ठेवावी, मधोमध दोन पौंडांचे वजन टांगावे आणि काठी किती इंच खाली झुकते ते मोजून त्या आकड्याने २६ ला भागावे. ०.६२ इंच झुकणारी काठी सुमारे ४२ पौंडांची, म्हणजे साधारण तेवढ्या जोराच्या धनुष्याला साजेशी, तर ०.५२ इंच झुकणारी ५० पौंडांची ठरते. मूठ जितकी रुंद, तितका बाणाला घालावा लागणारा वळसा मोठा आणि काठीही तितकी मऊ हवी. म्हणून तुमच्या धनुष्यासाठी ४२ पौंडांच्या काठ्यांऐवजी ३५ ते ४० पौंडांच्या काठ्यांपासून सुरुवात करणे मला अधिक योग्य वाटते.

घरी तासलेल्या काठ्यांमध्ये एवढा फरक पडतो कसा, असे तुम्हाला वाटेल. कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातानुसार वाढतो, त्यामुळे त्याच लाकडाची ८ मिलिमीटरची आणि ८.४ मिलिमीटरची काठी बोटांना जवळजवळ सारखीच लागली, तरी दुसरी पहिलीपेक्षा सुमारे २२ टक्के कडक असते. त्यात प्रत्येक काठीच्या लाकडाची घनता वेगळी. म्हणून डोळ्यांवर आणि बोटांवर विसंबू नका, प्रत्येक काठी मोजा आणि स्पर्धेच्या संचात कडकपणातला फरक पाच पौंडांच्या आत असलेलेच बाण ठेवा. कडक निघालेल्या काठीचा मधला भाग बारीक सँडपेपरने हलकेच घासावा किंवा तिला थोडे जड टोक बसवावे. ती आखूड करू नये, कारण आखूड झालेली काठी आणखी कडक वागते. वजनातील फरक बाणाला वरखाली नेतो, तेव्हा तोही दहा ग्रेनच्या, म्हणजे सुमारे ०.६५ ग्रॅमच्या आत असावा. दोरी बसणारी खाच लाकडाच्या वर्षवलयांच्या रेषांना आडवी कापावी, नाहीतर काठी चिरण्याची भीती राहते. एका बाणावरची तिन्ही पिसे एकाच बाजूच्या पंखातली असावीत.

धनुष्य घडवण्यात महिने घालवायचे आणि बाण एका संध्याकाळी उरकायचे, ही चूक मीही काही वर्षे केली आहे.

प्रश्न : सकाळच्या फेरीत माझे गुण चांगले येतात, पण दुपारनंतर बाण एकामागून एक खाली लागू लागतात. लाकूड थकते की मी?

उत्तर : बहुतेक वेळा दोघेही, पण आधी माणूस. साध्या लांब धनुष्यात ओढ एक इंचाने कमी झाली की सुमारे दोन ते अडीच पौंडांचा जोर घटतो, शिवाय दोरी बाणाला जितके अंतर ढकलते तेही कमी होते, आणि थकलेल्या खांद्याला एक इंच कमी ओढल्याचे कळतही नाही. वर्ल्ड आर्चरी या तिरंदाजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नेहमीच्या मैदानी फेरीत ७२ बाण असतात. सरावाचे बाण त्याहून निराळे. काठीवर पूर्ण ओढीच्या जागी एक बारीक खूण करून शेजारी उभ्या असलेल्या सोबत्याला दुपारी ती पाहायला सांगा.

लाकडाची परीक्षा याहून सोपी आहे. स्प्रिंगचा काटा दोरीला अडकवून सकाळी आणि संध्याकाळी तेवढ्याच ओढीला वजन मोजा. ते एक-दोन पौंडांनी उतरले असेल, तर लाकूडही सुस्तावले आहे असे समजावे. तासन्‌तास चढवून ठेवलेली दोरी, उन्हात ठेवलेले धनुष्य आणि पूर्ण ओढीवर रेंगाळत नेम धरण्याची सवय या तिन्हींनी ते होते. मोठ्या विश्रांतीत दोरी उतरवावी, धनुष्य सावलीत ठेवावे. संध्याकाळीही वजन तेवढेच भरले, तर पुढचे धनुष्य पाच-सहा पौंडांनी हलके घडवा. कागदाच्या फलकात रुतायला फार जोर लागत नाही. शेवटचा बाण पहिल्यासारखा ओढता येणे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

प्रश्न : सोबती म्हणतात की पारंपरिक धनुष्याने केवळ मध्याकडे पाहून, अंतःप्रेरणेनेच बाण सोडावा, बाणाच्या टोकाने नेम धरणे हा परंपरेला बट्टा आहे. हे खरे का?

उत्तर : मुळीच नाही. होरेस फोर्ड या इंग्रज तिरंदाजाने १८५७ मध्ये दुहेरी यॉर्क फेरीत लांब धनुष्याने १,२७१ गुण मिळवले होते. ही फेरी १००, ८० आणि ६० यार्डांवरच्या २८८ बाणांची असते. त्या काळी अनेक जण बाण कानाकडे ओढत. फोर्डने तो नेम धरणाऱ्या डोळ्याच्या बरोबर खाली आणला आणि टोकाचा विचारपूर्वक उपयोग केला. अंतःप्रेरणेने उत्तम नेम साधणारे आहेतच, पण त्यामागे हजारो बाणांचा सराव असतो आणि नेम बिघडला की काय बिघडले ते त्यांनाही सांगता येत नाही.

एक अंतर असे असते की टोक मध्यावर ठेवले की बाण मध्यातच लागतो. त्याहून जवळ टोक मध्याच्या खाली आणि त्याहून दूर ते वर धरावे लागते. हात हनुवटीखाली टेकवला तर हे अंतर लांबते, गालावर वर टेकवला तर जवळ येते. एकदा निवडलेली जागा मात्र बदलू नये. वर्ल्ड आर्चरीच्या नियमांत बेअरबो, म्हणजे नेमाचे साधन नसलेल्या धनुष्याच्या, गटाला दोरीवर बोटे खालीवर सरकवून नेम बदलण्याची मुभा आहे, लांब धनुष्याच्या गटाला नाही. बेअरबोत नेमाच्या बाजूला दिसणारी खूण किंवा डागही चालत नाही. हाताने घडवलेल्या लाकडावर गाठी आणि रंगाचे पट्टे असतातच, तेव्हा तपासणीआधी तो भाग झाकून घ्यावा.

प्रश्न : माझे धनुष्य १५५ सेंटिमीटरचे आहे. ते लांब धनुष्याच्या गटात बसेल का?

उत्तर : वर्ल्ड आर्चरीच्या नियमाप्रमाणे स्त्रिया आणि कनिष्ठ गटासाठी किमान १५० आणि पुरुषांसाठी किमान १६० सेंटिमीटर लांबी लागते. ही लांबी दोरी चढवलेल्या धनुष्यावर, दोरीच्या दोन खाचांमध्ये, बाहूंच्या (मुठीच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या भागांच्या) बाहेरच्या बाजूने मोजतात. या गटात बाणाची काठी लाकडाचीच हवी आणि तिची जाडी ९.३ मिलिमीटरच्या आत असावी. पारंपरिक स्पर्धांचे आयोजक पुष्कळदा आपले नियम वेगळे ठेवतात, म्हणून नाव नोंदवण्याआधी त्यांची नियमपत्रिका पाहा.

प्रश्न : धनुष्याच्या पोटावर, म्हणजे माझ्याकडच्या बाजूवर, केसासारख्या आडव्या रेषा उमटल्या आहेत. स्पर्धा दोन आठवड्यांवर आहे.

उत्तर : त्या रेषांच्या जागी लाकूड दाबले जाऊन चुरले आहे, कारण तेवढाच भाग जास्त वाकतो. रेषा बारीक असतील तर त्यांच्या दोन्ही बाजूंचे ताठ राहिलेले लाकूड थोडेथोडे खरवडून वाक सगळ्या बाहूत वाटून द्यावा. त्यात तीन-चार पौंड कमी होतील, ते होऊ द्या. प्रत्येक खरवडणीनंतर निम्म्या ओढीपर्यंत वीसेक वेळा ओढून दोन्ही बाहूंचा वाक पाहा. रेषेला नख अडकत असेल, किंवा पाठीवर, म्हणजे लक्ष्याकडच्या बाजूवर, आडवी चीर दिसत असेल, तर त्या धनुष्याची दोरी उतरवून ठेवा आणि स्पर्धेसाठी दुसरे धनुष्य घ्या.