दशमांश आधी की हप्ता? कर्जात अडकलेल्या एका विश्वासी कुटुंबाचा अनुभव

"ताई, मी एकही रविवार चुकवत नाही, कमाईचा दहावा हिस्सा, म्हणजे दशमांश, वेळेवर देतो, उपास-प्रार्थना करतो, तरी कर्ज वाढतच चाललंय. माझ्या विश्वासातच काही कमी आहे का?" कोल्हापुरातील ख्रिस्ती कुटुंबांसाठी समुपदेशनाचे काम करताना हा प्रश्न मला अनेकांकडून ऐकायला मिळतो. त्यांपैकी एका कुटुंबाचा अनुभव त्यांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही अशा बेताने तपशील बदलून येथे देत आहे.

हे गृहस्थ उद्यमनगरातील एका कारखान्यात लेथवर काम करतात. पगार चोवीस हजार रुपये. पत्नी घरी पिको-फॉलचे काम करून महिन्याला चार-साडेचार हजार मिळवतात. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी त्यांनी पतसंस्थेतून दीड लाख रुपये काढले, तोवर सर्व आवाक्यात होते. पुढे फाउंड्रीकडून येणारे काम घटले, ओव्हरटाइम बंद झाला आणि हप्ता भरण्यासाठी त्यांनी ओळखीतल्या एका माणसाकडून शेकडा पाच दराने साठ हजार रुपये उचलले. भिशी आधीच उचलली होती, तिचे दरमहा दोन हजार भरायचेच होते. पत्नीच्या पाटल्या तारण गेल्या. शेवटी मोबाईलवरच्या तीन ॲपमधून छोटी छोटी कर्जे घेतली गेली आणि त्यांतले एक फेडायला दुसरे, असे चक्र सुरू झाले. या ॲपच्या कर्जांबद्दल पत्नीला काहीच माहीत नव्हते.

पहिल्या भेटीत आकड्यांच्या आधी मला दुसरीच गोष्ट विचारावी लागली. रात्री झोप येत नाही म्हणून ते रंकाळा तलावावर जाऊन उशिरापर्यंत एकटेच बसतात, असे त्यांच्या बोलण्यात आले, तेव्हा जीव संपवण्याचा विचार मनात येतो का, असे मी त्यांना सरळ विचारले. थोड्या वेळाने त्यांनी "कधी कधी येतो" असे कबूल केले. कर्जाच्या प्रकरणात हा प्रश्न टाळू नये, असे माझे ठाम मत आहे. विचारल्याने विचार बळावत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्या दिवशी त्यांनी माझ्यासमोरच पत्नीला फोन करून बोलावून घेतले. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांकही मी त्यांना लिहून दिला. तो विनामूल्य आहे आणि तेथे रात्रीही बोलता येते.

आता दशमांशाकडे वळते, कारण मनावरचे खरे ओझे तेथेच होते. एका प्रार्थनासभेत "विश्वासाचे बी पेरा, देव कर्जाचा डोंगर हलवील" असे ऐकून त्यांनी पाच हजार रुपये अर्पण केले होते आणि ते पैसे ॲपवरून उचललेले होते. हे सांगताना त्यांची मान खाली गेली. कर्जात बुडालेल्या माणसाला असे वचन देणे मला अत्यंत चुकीचे वाटते. बायबलमधील दावीद राजाला खळ्याचा मालक अरौना याने वेदीसाठी खळे आणि बैल फुकट देऊ केले, तेव्हा ज्याचे मोल मी भरले नाही ते मी परमेश्वराला अर्पण करणार नाही, असे तो म्हणाला (2 शमुवेल 24:24). उसन्या पैशाच्या दानाचे मोल आपण नव्हे, आपल्याला पैसे देणारा भरत असतो. सगळा दशमांश भांडारात आणा, हे मलाखीचे वचन त्यांना पाठ होते. मी त्यांना प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला, म्हणजे तेथील चर्चला, दानाविषयी लिहिलेला भाग वाचायला सांगितला. माणसाजवळ जे आहे त्यावरून त्याचे दान मान्य होते, जे नाही त्यावरून नव्हे, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे (2 करिंथ 8:12). अंतिम शब्द मात्र माझा नसावा म्हणून त्यांनी आपल्या पाळकसाहेबांना विचारावे, असे मी सुचवले. पाळकसाहेबांनी सांगितले, की सध्या जमेल तेवढे, मग ते शंभर रुपये का असेनात, आनंदाने द्या, आणि लोकांचे देणे फेडणे हीसुद्धा आज्ञाच आहे हे विसरू नका.

विधवेच्या तेलाची गोष्ट (2 राजे 4) आमच्या बहुतेक विश्वासी घरांत माहीत असते, पण तिच्याकडे चमत्कार म्हणूनच पाहिले जाते. सावकार त्या विधवेच्या दोन मुलांना दास करून न्यायला आला आहे. अलीशा संदेष्टा तिला प्रथम विचारतो, की तुझ्या घरात काय आहे ते मला सांग. मग तो तिला सर्व शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला लावतो, म्हणजे तिची अडचण शेजारीपाजारी कळल्याशिवाय राहणार नव्हती. तिच्याजवळच्या कुपीभर तेलाने ती सगळी भांडी भरतात, तेव्हा तो सांगतो, तेल विकून ऋण फेड आणि उरेल त्यावर तू व तुझे मुलगे निर्वाह करा. मी हा अध्याय त्या दोघांसमोर सावकाश वाचला. आपली अडचण इतरांना कळू देणे, नेमके हेच आमच्या मंडळ्यांत होत नाही. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 साली कोल्हापुरात आले, त्या काळापासूनची घराणी येथे आहेत. सगळे एकमेकांना ओळखतात, एकमेकांच्या सोयरिकीत असतात, आणि त्यामुळेच आजारासाठी प्रार्थनेची विनंती मोठ्याने होते, कर्जासाठी होत नाही. माझ्या अनुभवात कर्ज जितके लपवले जाते, तितके ते महागडे होत जाते, कारण लपवण्यासाठी माणूस जास्त व्याजाच्या दारात जातो.

पुढच्या भेटीला ते एका कापड दुकानाच्या पिशवीत सगळे कागद घेऊन आले: पतसंस्थेचे पासबुक, तारणाची पावती, भिशीचे कार्ड. दोनशे पानी वहीत एकेक देणे लिहायला घेतले. ॲपच्या कर्जांचा आकडा अडतीस हजार निघाला, तेव्हा पत्नी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी पेन आपल्याकडे घेतले, जमेच्या बाजूला 'पिको-फॉल' असे लिहिले आणि त्याखाली 'पाटल्या' असे लिहिले. "आईच्या आहेत," एवढेच त्या म्हणाल्या. विकण्याचा निर्णय त्यांचा होता, आणि तो त्यांचाच असावा याची मी काळजी घेतली.

वहीतल्या एका ओळीने दोघेही थबकले. साठ हजारांवर शेकडा पाच म्हणजे महिन्याला तीन हजार, वर्षाला छत्तीस हजार. दोन वर्षांत बहात्तर हजार व्याज गेले होते आणि मुद्दल साठ हजार तसेच उभे होते. महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम, 2014 नुसार परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे, आणि परवानाधारक सावकारालाही शेतकरी नसलेल्या व्यक्तीला दिलेल्या विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांहून अधिक व्याज घेता येत नाही; त्या हिशेबाने महिन्याचे नऊशे रुपये होतात. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करता येते. "पण ख्रिस्ती माणसानं तक्रार करावी का?" असे त्यांनी विचारले. गरिबाकडून व्याज घेऊ नका, असे बायबलमधील निर्गमच्या 22 व्या अध्यायात आहे, आणि यरुशलेमचा तट पुन्हा बांधणाऱ्या नहेम्याने तर शेते-घरे गहाण ठेवून घेणाऱ्या आपल्याच सरदारांना लोकांसमोर बोलावून जाब विचारला. कायद्याचा आधार घेणे म्हणजे सूड घेणे नव्हे. प्रत्यक्षात तक्रारीची वेळ आली नाही. मंडळीतील एक वडीलधारे, निवृत्त बँक अधिकारी, त्यांच्यासोबत त्या सावकाराकडे गेले. झालेल्या व्याजाचा हिशेब समोर ठेवल्यावर चाळीस हजारांवर व्यवहार मिटला. पैसे देण्याआधी त्याच्याकडे असलेला, सही केलेला कोरा धनादेश परत घेतला गेला. जेथे धमकी दिली जाते, तेथे मात्र असे परस्पर बोलायला जाऊ नये, सरळ पोलिसांकडे जावे.

ॲपवाल्यांचे फोन पहाटेपासून येत, नातेवाइकांनाही जात. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, कर्जदाराच्या नातलगांना त्रास देता येत नाही. कर्ज देणाऱ्या संस्थेने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यांनी लेखी तक्रार केली, फोन थांबले. तारणाचे कर्ज आणि सावकार पाटल्यांच्या पैशात भागले, आणि सावकाराला जाणारे तीन हजार एकेका ॲपच्या कर्जाकडे वळवून त्यांनी ती संपवली.

मध्यंतरी मेहुण्याने बँकेच्या कर्जाला जामीन राहण्याची गळ घातली. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायातील जामिनाविषयीचा इशारा दोघांनी मिळून वाचला आणि नकार कळवला. मेहुणा काही महिने बोलत नव्हता. त्याचे त्यांना अजूनही वाईट वाटते.

पतसंस्थेचे काही हप्ते अद्याप बाकी आहेत. दशमांश पुन्हा पूर्ण द्यायला केव्हा सुरुवात करायची, याविषयी पती म्हणतात शेवटच्या हप्त्याच्या दुसऱ्याच महिन्यापासून. पत्नी म्हणतात, आधी मुलीच्या शेवटच्या वर्षाची फी बाजूला पडू दे. पाळकसाहेबांनी दोघांना आपसात ठरवायला सांगितले आहे.