थंडीतला बोरू

सकाळी बोटं आखडलेली असतात, तेव्हा लगेच अक्षराला हात घालू नकोस. आधी जुन्या वर्तमानपत्रावर नुसते दंड आणि गोल काढ, खांद्यापासून हात फिरवून. बोरूचा कत, म्हणजे लेखणीच्या टोकाचा काप, देवनागरीसाठी रोमनच्या उलट तिरपा हवा, हे पक्कं ठेव.

मग बाहेर पड. सकाळचं तिरपं ऊन देवळातल्या शिलालेखावर आलं की खाचांत सावली भरते आणि भर दुपारी न दिसणारी वेलांटीसुद्धा उठून दिसते. तिथेच बसून वहीत उतरवून घे. फोटोवर भागवू नकोस, त्यानं हाताला वळण लागत नाही.

अक्षरकार कमल शेडगे यांनी केलेली नाटकांची शीर्षकंही अशीच निरखून बघ. नाटकाचा स्वभाव अक्षरात कसा उतरलाय! आणि हो, ऑइलपेंटनं अक्षरं रंगवणार असशील, तर तो थंडीत घट्ट होतो. पातळ करायला थोडं टर्पेंटाइन पुरतं.