सात मोदकांचा हिशेब

वाचकांचे प्रश्न : आहार आणि मन

गणपती उठले की या सदराच्या टपालाचा सूर बदलतो. जुलैपर्यंत ‘काय खाऊ, किती खाऊ’ चाललेलं असतं. आता बहुतेक पत्रं ‘खाल्लं, आता काय करू’ अशी आहेत. त्यातली पाच इथे घेतली आहेत. उत्तरं आमचे आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक यांनी मिळून लिहिली आहेत. पत्रं थोडी कापली आहेत, नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : वय ४२. एप्रिलमध्ये वजन ७८ किलो होतं, गणपतीच्या आदल्या दिवशी ७१.५. चतुर्थीला सात मोदक खाल्ले, वर तूप. दुसऱ्या दिवशी सकाळी काटा ७३.१! हातपायच गळाले. दिवसभर ताक आणि काकडीवर राहिले. संध्याकाळी सातला मात्र ओट्याशी उभ्या उभ्या उरलेले चार गार मोदक खाल्ले, मग मुलांसाठी ठेवलेलं फरसाणही संपवलं. गौरीजेवणाला ‘आता मोडलंच आहे’ म्हणून काही बघितलंच नाही. तेव्हापासून काट्यावर पाय ठेवलेला नाही. पाच महिने फुकट गेले का? (चिपळूण)

उत्तर : नाही. चतुर्थीपुरतं बोलायचं तर साडेतीन दिवस गेले. कसे ते बघा.

मध्यम आकाराच्या एका उकडीच्या मोदकात, सारण किती ठासून भरलंय त्यावर, १२० ते १५० कॅलरी असतात. सातांच्या झाल्या साधारण साडेनऊशे. वर चार छोटे चमचे तूप म्हणजे आणखी १८०. पानात भजी, वरणभातही असणारच. नेहमीच्या दिवसापेक्षा १२०० कॅलरी जास्त गेल्या असं धरू. अंगावर एक किलो चरबी चढायला ढोबळमानाने ७७०० जादा कॅलरी लागतात. तेव्हा या १२०० सगळ्याच्या सगळ्या चरबीत गेल्या तरी ती भरते दीडशे-एकशे साठ ग्रॅम. तुमचा काटा मात्र १६०० ग्रॅमनी वर गेला.

मधले १४०० ग्रॅम कुठून आले? बरंचसं पाणी, बाकी पोटातला ऐवज. भात, पिठी आणि गुळातली साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. पाच महिने मोजून खाल्ल्यामुळे तुमचं हे कोठार अर्धंमुर्धं रिकामं होतं. एका दुपारी ते भरलं. पापड-लोणच्या-भज्यांतल्या मिठानं आणखी पाणी अडवलं. आणि खाल्लेलं अन्न आतड्यांतून पुढे सरकेपर्यंत त्याचंही वजन काटा दाखवतोच. पाळी जवळ आली असेल तर आणखी किलोभर त्यात मिळवा. नेहमीचं जेवण सुरू झालं की हे पाणी तीन-चार दिवसांत उतरतं.

तुमचं वजन महिन्याला सव्वा किलोच्या आसपास कमी होत होतं. म्हणजे तुमची रोजची तूट साधारण ३३०-३४० कॅलरींची. १२०० भागिले ३४०, म्हणून साडेतीन दिवस.

खरं नुकसान चतुर्थीला झालंच नाही, ते झालं दुसऱ्या दिवशी, ताक-काकडीमुळे. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. दिवसभर तीनशे कॅलरींवर राहिलेलं शरीर संध्याकाळी सातला जे मागतं, त्यापुढे कुणाचाही निश्चय टिकत नाही. त्यात मनाची एक जुनी खोड मिसळते. १९७५ साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. लोकांना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि नंतर ‘चव सांगा’ म्हणून हवं तितकं आइस्क्रीम पुढे ठेवलं. एरवी बेतानं खाणाऱ्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम जास्त खाल्लं. न पिता कमी खाल्लं. पोट भरलेलं होतं, पण नियम मोडला होता. गौरीजेवणाचं तुमचं ‘आता मोडलंच आहे’ ते हेच.

दिवाळी येतेच आहे, तेव्हा पुढच्या वेळचा क्रम आत्ताच ठरवून ठेवा.

त्या रात्री काहीही भरपाई करायची नाही. भूक नसेल तर रात्रीचं जेवण हलकं घ्या, वरणभात पुरे, पण ‘शिक्षा’ म्हणून उपाशी झोपू नका. दहा-पंधरा मिनिटं सावकाश चाला, पोटाला बरं वाटतं एवढ्यासाठीच. उरलेलं गोड त्याच रात्री मार्गी लावा: दोन-दोनच्या डब्या भरून शेजारी, कामाच्या मावशींना, भावाकडे. घरी ठेवायचे ते पारदर्शक डब्यात नकोत आणि फ्रीजच्या पुढच्या फळीवर तर नकोतच. मोदक खायचा तर वाफवून, ताटलीत घेऊन, बसून. ओट्याशी उभ्यानं खाल्लेला मोदक ना जिभेला आठवतो ना पोटाला.

दुसऱ्या दिवशी नाश्ता चुकवायचा नाही, इथेच सगळी गाडी रुळावरून घसरते. ५० ग्रॅम मूगडाळीची धिरडी आणि वाटीभर दही घ्या. सोळा-सतरा ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि दुपारपर्यंत पोट धीर धरतं. दुपारी नेहमीच्या पोळ्या, भाजी, उसळ, कोशिंबीर. चार वाजता मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम फुटाणे. हे फुटाणे फालतू वाटतात, पण सातच्या ओट्यावरचा प्रसंग तेच टाळतात. रात्री नेहमीचं जेवण. थोडक्यात, जेवण नेहमीचं, नेहमीच्या वेळी, नेहमीएवढं. कमीसुद्धा नाही.

काट्यावर चौथ्या दिवशी उभं राहा: सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. रोज वजन बघायची सवय असेल तर एकेका आकड्याकडे न बघता सात दिवसांची सरासरी काढा. गौरीजेवणाचं धरून तुमची सरासरी अर्धा-पाऊण किलो वर असू शकते. काट्याला टाळलेल्या दिवसांत मनात जो आकडा फुगतो, तो बहुतेक वेळा याहून मोठा असतो.

आणि एका वहीत तीनच गोष्टी लिहा: किती वाजता खाल्लं, त्याआधी शेवटचं कधी खाल्लं होतं, बसून की उभ्यानं. ‘मी कसली गं हावरट’ हे लिहायचं नाही. ती माहिती नाही, तो निकाल आहे, आणि त्यातून पुढच्या वेळी काय बदलायचं ते कळत नाही. ‘दुपारी दीडनंतर थेट सातला’ यातून कळतं.

प्रश्न : पत्नी डाएट करते. सणाला सुटते आणि मग रडते. मी स्पष्टच बोलतो, ‘एवढं कळतं तर खातेस कशाला?’ थोडी लाज वाटल्याशिवाय माणूस सुधारत नाही असं माझं मत आहे. चूक आहे का? (नाशिक)

उत्तर : आहे. आणि हे केवळ सहानुभूतीपोटी म्हणत नाही. क्लेअर अॅडम्स आणि मार्क लिअरी यांनी २००७ मध्ये कॉलेजमधल्या मुलींना डोनट खायला देऊन बघितलं. नंतर काहींना एवढंच सांगितलं, की असं सगळेच खातात, स्वतःला फार लावून घेऊ नका. मग पुढे गोळ्या-चॉकलेटं ठेवली. खाण्यावर सतत लगाम ठेवणाऱ्या मुलींपैकी ज्यांना हे दोन शब्द ऐकवले होते, त्यांनी कमी खाल्लं. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं, त्यांनी जास्त.

‘आज जरा जास्त झालं’ ही टोचणी ठीक, ती दहा मिनिटांत काम करून जाते. ‘मी आहेच अशी’ ही लाज मात्र दिवसभर घरात फिरते आणि संध्याकाळी फराळाच्या डब्यापाशी जाऊन बसते, कारण तेवढ्यापुरतं तिथेच बरं वाटतं. टोमण्याचा आणखी एक परिणाम हमखास होतो: माणूस खाणं थांबवत नाही, तुमच्या मागे खायला लागतो.

त्यांनी ‘पुरे’ म्हटलं की आग्रह करू नका आणि वाढून घेतलं की मोजू नका. रात्री जेवणानंतर वीस मिनिटं चालायला ‘चल’ म्हणा, तेही रोज. सणाच्या दुसऱ्या दिवशीच म्हणालात तर तो टोमणाच होतो. डबे कुलपात ठेवू नका. आणि आईंना, म्हणजे तुमच्या, ‘एकानं काय होतंय’ हे वाक्य थोडं कमी म्हणायला तुम्ही सांगा. सुनेनं सांगण्यापेक्षा मुलानं सांगितलेलं सोपं जातं.

प्रश्न : वय २९, वजन ७२, आयटीत आहे. आठवड्यात तीन वेळा पाच किलोमीटर धावतो. शनिवारी टीमबरोबर बुफे झाला की रविवारी १४ किलोमीटर मारतो, हिशेब क्लिअर. हल्ली गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ येते. (पुणे)

उत्तर : धावताना किलोमागे, किलोमीटरमागे साधारण एक कॅलरी खर्च होते. ७२ गुणिले १४, हजारभर कॅलरी. तुमचा हिशेब कागदावर जुळतो हीच अडचण आहे, म्हणून तो सुटत नाही. पाचाचे एकदम चौदा केले की स्नायू निभावून नेतात, पण मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत उतरणारा चिवट पट्टा घासून सुजतो. तुम्ही सांगता ती कळ बहुधा तिथलीच. दुखणं पूर्ण थांबेपर्यंत धावणं बंद, चालणं चालेल. सूज दिसली किंवा जिना उतरताना गुडघा सुटल्यासारखा वाटला तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

यापुढे रविवारी किती धावायचं ते शुक्रवारी ठरवा, बुफेच्या आधी. स्वतःला एक प्रश्न विचारून बघा: पावसामुळे रविवारचं धावणं रद्द होणार असेल तर शनिवारी जेवायची भीती वाटते का? वाटत असेल तर तो व्यायाम राहिलेला नाही, दंड झालाय. बुफेला उपाशी जाऊ नका. आणि प्लेट उचलण्याआधी रिकाम्या हातानं एकदा सगळ्या टेबलांवरून फिरून या. निम्मे पदार्थ नकोसे वाटतात.

प्रश्न : मी २० वर्षांची, होस्टेलला राहते. रूममेट झोपल्यावर बिस्किटांचे पुडे, मॅगी, जे असेल ते खूप भरभर खाते, थांबताच येत नाही. मग इतकी किळस येते की उलटी काढते. दोन महिने झाले, आठवड्यातून तीन-चारदा होतं. दिवसा कडक डाएट करते. कुणालाच माहीत नाही. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : तू हे लिहिलंस ते फार बरं केलंस. या उत्तरात आम्ही मुद्दाम कॅलरीचा एकही आकडा देणार नाही.

वरच्या पत्रांमधलं आणि तुझ्या पत्रातलं खाणं वेगळं आहे. थांबता न येणं, चोरून खाणं, खाल्लेलं बाहेर काढणं, आणि हे आठवड्याआठवड्याला घडत राहणं, ही बुलिमिया नावाच्या आजाराची लक्षणं आहेत. निदान डॉक्टर करतील. नियमात तीन महिन्यांचा कालावधी लिहिलेला असतो, पण तो भरायची वाट बघत बसू नकोस. हा इच्छाशक्तीचा प्रश्न नाही. यावर उपचार आहेत आणि त्यांचा उपयोग होतो.

आजपासून डाएट बंद. दिवसभराची ती कडक उपासमारच रात्रीचं खाणं ओढून आणते. मेसमधली तिन्ही जेवणं आणि मध्ये दोन छोटी खाणी, तीन-चार तासांच्या वर अंतर पडू न देता. रात्री झालं तरी सकाळचा नाश्ता करायचाच.

वारंवार उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि त्याचा परिणाम थेट हृदयाच्या ठोक्यांवर होतो. म्हणून या आठवड्यातच फिजिशियनकडे जाऊन रक्त तपासून घे आणि मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घे. धडधड, चक्कर, पायांत गोळे किंवा उलटीत रक्त दिसलं तर आठवडा सोड, त्याच दिवशी कॅज्युअल्टीत जा. उलटीनंतर लगेच ब्रश करू नकोस, आम्लानं मऊ पडलेलं दातांवरचं आवरण घासलं जातं. साध्या पाण्यानं चूळ भर.

कुणाशी बोलावं कळत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि एका माणसाला सांग. रूममेट चालेल. ‘मला रात्री एकटीला सोडू नकोस’ एवढं सांगितलंस तरी पुरे.

प्रश्न : वय ६३, मधुमेह, ग्लिमेपिराइडची गोळी चालू. लग्नात बासुंदी जास्त झाली, रात्री साखर २६०. पश्चात्ताप म्हणून सकाळी गोळी घेतली, नाश्ता घेतला नाही. साडेअकराला दरदरून घाम आणि थरथर. असं का? (कोल्हापूर)

उत्तर : साखर फार खाली गेली असणार. ही गोळी स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते, तुम्ही जेवलात की नाही हे ती बघत नाही. गोळी घेतली की खाणं झालंच पाहिजे. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हेच लागू. आदल्या रात्रीच्या २६० साठी उपास करायचा नाही आणि मनानं गोळी वाढवायचीही नाही. दोन-तीन दिवस नेहमीच्या जेवणावर राहूनही आकडे उतरले नाहीत तर डॉक्टरांना दाखवा. झाला तो प्रकारही त्यांच्या कानावर घाला. गोळीची मात्रा कदाचित बदलावी लागेल.

पुन्हा तसं झालं तर आधी बसा. जमलं तर साखर तपासा. ७० च्या खाली असेल, किंवा तपासायला यंत्रच नसेल, तर तीन सपाट चमचे साखर, म्हणजे १५ ग्रॅम, अर्ध्या पेल्या पाण्यात विरघळवून प्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच. सावरल्यावर पोळी-भाजी किंवा दूध-पोहे असं काहीतरी खाऊन घ्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना. हे घरच्यांना सांगून ठेवा. आणि खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोज ठेवा, पेढा नको. पेढ्यातल्या खव्याच्या स्निग्धतेमुळे साखर रक्तात पोहोचायला उशीर होतो.