पीक विकलं की गावाकडची माणसं पैसा उडवतात, बचत का करत नाहीत?

तुम्ही विचारलंय की हंगामाचा पैसा आला की शेतकरी घरं तो महिन्याभरात संपवतात, यावर अर्थशास्त्रात काही संशोधन आहे का, आणि वडिलांना बचतीची सवय कशी लावायची. संशोधन भरपूर आहे. फक्त ते तुमच्या बाजूचं नाही.

हाच प्रश्न आमच्या दाजींनी आमच्याच सोप्यात बसून विचारला होता. दाजी पुण्याला, पगारदार, एक तारखेला खात्यात पैसे. आम्ही तासगावकडचे, बेदाणा करणारे. दिवाळीच्या तोंडावर विक्रीच्या हिशोबाची पट्टी आली आणि आबांनी वही उघडली: सोसायटीचं कर्ज, औषध दुकानदाराची वर्षाची उधारी, छाटणीवाल्या मजुरांची उचल, एक मुऱ्हा म्हैस आणि आईला पाटल्या. दाजींनी मोबाईलवर आकडेमोड केली, शिल्लक जवळपास शून्य. म्हणाले, "आबा, तुम्हा लोकांना बचत माहीतच नाही. एफडी करा की." आबा "बरं" म्हणाले आणि तंबाखू मळत बसले. मला मात्र ते अजून टोचतंय.

आता मला सांगा, यातलं उडवलं काय? शिवाय बेदाण्याचे निम्मे बॉक्स कोल्ड स्टोरेजला तसेच होते, दर बघून काढायला. दाजींच्या मोबाईलात म्हैस, पाटल्या आणि कोल्ड स्टोरेजची पावती शिल्लक म्हणून धरलीच जात नाही.

अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमननं १९५७ सालीच मांडलं होतं की घर खर्च ठरवतं ते यंदा किती आले त्यावर नाही, एरवी साधारण किती येतात या अंदाजावर. अमेरिकेतल्या शेतकरी कुटुंबांत वाढीव कमाईतला खर्चाला जाणारा वाटा बिगरशेती कुटुंबांपेक्षा कमी दिसतो, हे त्यानं याच कारणानं समजावलं. १९९२ मध्ये क्रिस्टिना पॅक्सननं थायलंडच्या भातशेतकऱ्यांवर काम केलं. चांगल्या पावसानं जी जादा कमाई झाली, तिचा बराच मोठा भाग त्यांनी बचतीत टाकला होता. आणि रोझेन्झ्वाइग-वोल्पिन या जोडीनं १९९३ मध्ये आपल्याच देशातल्या गावांवरून दाखवलं की बैल ही शेतकऱ्याची बचत असते, बऱ्या वर्षी घ्यायचा, वाईट वर्षी विकायचा. हे सांगायला परदेशातनं माणूस यावा लागला, आठवडी बाजारात कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं.

दुधाचा पैसा मीठमिरचीला आणि बेदाण्याचा पैसा मोठ्या कामाला, हा आईचा नियम. दाजी हसायचे, म्हणायचे पैसा तो पैसाच. रिचर्ड थेलरला २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात लोक मनात पैशाचे असे वेगळे कप्पे कसे करतात हे कामही होतं. आईला कुणी विचारलं नाही.

मग २०१९ आलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळीत फुलोऱ्यातल्या द्राक्षबागा डावण्या या बुरशीच्या रोगानं गेल्या. सकाळी घडाला हात लावला की मणी झडून हातात यायचे. एरवी एकाची बाग गेली तर भावकी सांभाळून घेते. रॉबर्ट टाउनसेंडनं १९९४ साली सोलापूरचं शिरापूर, अकोल्याकडचं कांझरा आणि आंध्रातलं (आता तेलंगणातलं) एक गाव घेऊन हेच दाखवलं होतं, की घरचं खाणंपिणं स्वतःच्या कमाईपेक्षा गावाच्या सरासरीबरोबर जास्त हलतं. पण सगळ्या शिवाराचंच गेलं तर उसनं मागायचं कुणाकडं? पाटल्या गहाण गेल्या, म्हैस दूध देत राहिली, आणि पुण्याहून ताईनं पैसे पाठवले.

इथं मला दाजींना गाठायचंय. रोझेन्झ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांचा १९८९ चा अभ्यास सांगतो की ज्या शेतकऱ्यांची कमाई जास्त खालीवर होते, ते पोरी लांबच्या गावी देतात, म्हणजे इकडं पाऊस फसला तरी तिकडचं घर उभं असतं. आबांनी नोकरीवाला जावई, तोही लांबचा, उगाच शोधला नव्हता. लग्नात जो खर्च झाला तो आमचा विम्याचा हप्ता. म्हणजे आमच्या सोप्यात बसून आम्हाला बचत शिकवणारा माणूस स्वतःच आमच्या बचतीत धरलेला होता.

तुमच्या वडिलांबद्दल: आधी त्यांची वही बघा, मग बोला. एफडीचा आग्रह सोडा. पैसा दर दहा दिवसांनी दूध संघातनं येत असेल तर त्यातनंच आरडी परस्पर कापायला लावा, हातात येऊन बाजूला ठेवणं कुणालाच जमत नाही, पगारदारांनाही.

आता हेही खरं की सोन्यावर व्याज मिळत नाही, गहाण टाकलं तर उलट भरावं लागतं. वाईट वर्षी सगळेच जनावर बाजारात आणतात, भाव पडतो. भूमिहीन घरांना गावाचा हा आधार कमी पोचतो, असं टाउनसेंडच्याच आकड्यांत तीनपैकी एका गावात दिसतं. आणि जत्रेला डीजे लावून पैसा जाळणारेही आमच्याकडं आहेत, त्यांची बाजू मी घेत नाही.

दाजी, वाचत असाल तर: ताईचे पैसे दोन हप्त्यांत परत दिलेत, दोन्हींची नोंद आबांच्या वहीत आहे. व्याज तुम्ही मागितलं नव्हतंत, तेवढं मान्य.